धाकट्यांस जुने चित्रपट कसे दाखवावेत?

जुने, नामांकित चित्रपट मुलांस दाखवावेत की नाही, ह्याविषयी वाद घालण्याचे आता कारण उरलेले नाही. जुने ग्रंथ आपण मुलांच्या हाती आवर्जून देतो. ही ठेवही त्याच मोलाची आहे. खरा प्रश्न आहे तो ती कशी दाखवावी हा. आणि येथे वडील मंडळी पुष्कळदा चुकतात. आम्ही स्वतःही चुकलो. ती चूक प्रथम कबूल करून मग चार शब्द लिहावेत, हे बरे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पेणजवळ रामवाडीस भगिनीच्या घरी गेलो होतो. भाची अवघी सहा वर्षांची. भाताची कापणी नुकतीच आटोपलेली, चहूकडे पेंढ्याचा वास दरवळत होता. परंतु पोरीची दृष्टी हातातील मोबाईलवरून हलेना. अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चित्रे एकामागून एक सरकत होती, आणि त्यांतील एकही ती शेवटपर्यंत पाहत नव्हती. आमच्यातील शिक्षक जागा झाला. मोबाईल काढून घेतला, प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लावून दिला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा केवढा गौरव झाला ह्यावर लहानसे व्याख्यानही दिले, आणि आम्ही ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो. अर्ध्या घटकेने आत येऊन पाहतो तो मुलगी भिंतीशी टेकून झोपी गेलेली. गालांवर अश्रूंचे ओघळ वाळलेले. भगिनी एवढेच म्हणाली, “दादा, तिला ती शिक्षाच वाटली रे. तू तिच्याजवळ बसला असतास तर?”

ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले. दोष त्या उत्तम चित्रपटाचा नव्हता व मुलीचाही नव्हता. जे आम्हांस प्रिय, ते आम्ही तिला औषधासारखे पाजावयास गेलो होतो. आणि पाजून निघून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादासाहेब फाळके ह्यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) हा मूकपट निवडला व तिला जवळ घेऊन बसलो. प्रथमच तिने विचारले, “मामा, ही माणसे बोलत का नाहीत?” आम्ही म्हणालो, “त्यांचे बोलणे आपण बोलावयाचे.” मूकपटांच्या काळी पडद्यावर मधून मधून अक्षरांच्या पाट्या येत, आणि ज्यांस वाचता येई ते न वाचणाऱ्यांस मोठ्याने वाचून दाखवीत. तेच काम आम्ही पत्करिले. ह्या चित्रपटात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले आहे. आरंभीच ती नाना तऱ्हेचे हावभाव करून दाखविते. कृष्ण ही एक मुलगी आहे हे कळताच भाची ताठ होऊन बसली. डोहातील झुंज आली तेव्हा तिने आमचा हात घट्ट धरिला. आणि मग प्रश्नांचा पाऊस! पाण्यात श्वास कसा घेतला? नाग खरा होता का? तिचे बाबा तेव्हा कोठे होते? “तिचे बाबाच तर हे सारे घडवून आणीत होते,” असे सांगताच ती खुदकन हसली व म्हणाली, “पुन्हा लावा.”

ख्रिस्ती घरात कृष्णाचा चित्रपट कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर फाळक्यांच्याच चरित्रात आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहिले, आणि त्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन गृहात लोकांपुढे आला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या ब्राह्मणाने ख्रिस्तचरित्र मोकळ्या मनाने पाहिले. मग आपल्या मुलांनी बाळकृष्णाच्या लीला पाहिल्याने आपला धर्म बुडेल, हे आम्हांस पटत नाही.

आणखी एक गोष्ट. चित्रपटाच्या उद्योगास भांडवल मिळावे म्हणून फाळक्यांनी आधी एका कुंडीत वाटाणा पेरून, त्याची रोज थोडी थोडी छायाचित्रे घेऊन, अंकुराची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली होती. आम्ही हे भाचीस सांगितले. रामवाडीस वालांना काय तोटा! एका डब्यात वाल पेरला आणि रोज सकाळी त्याच मोबाईलने, त्याच जागेवरून, एकेक छायाचित्र घेण्याचा नेम ठरविला. आम्ही परतल्यावरही तिने तो तीन आठवडे पाळिला. ज्या मुलीस अर्धे मिनिट धीर नव्हता, तिला अंकुराची वाट पाहता आली. मोबाईल सुटला, असे मात्र आम्ही म्हणत नाही; तो सुटला नाही.

ह्यावरून आमचे मत असे झाले आहे. वय पाहून क्रम लावावा. आरंभी मूकपट, तोही थोडा थोडा. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ (१९२१) गोड आहे. पण त्यातील मुलास ओढून नेण्याच्या प्रसंगी मुलांस एकटे सोडू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ ह्याचा आज काही भागच उपलब्ध आहे. त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, कारण तेव्हा स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या. मुले हसतील, हसू द्यावे, आणि मग कारण सांगावे. आचार्य अत्रे ह्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), ज्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तो नऊ-दहा वर्षांपूर्वी दाखवू नये. आईचा वियोग सोसण्यास मन थोडे तरी बळकट असावे लागते. ‘संत तुकाराम’ आम्ही भाचीसाठी राखून ठेविला आहे. ह्या खेपेस शेजारी बसू.

कोणी म्हणतील, एवढा वेळ कोणापाशी आहे? आम्हांस वाटते, जेथे वेळ नाही तेथे जुना चित्रपट दाखवूच नये; त्याविषयीची नावड तेवढी मुलाच्या पदरी पडते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. येत्या सुटीत एक दुपार त्यांच्यासाठी ठेवा. एखादा मूकपट लावा, पाट्या मोठ्याने वाचा, आणि ती विचारतील त्याचे उत्तर द्या. येत नसेल तर शोधून सांगा.