विश्लेषण : नोकरकपातीच्या काळात स्टोइक तत्त्वज्ञान खरेच आधार देते?

आयटी क्षेत्रातील नोकरकपातीची बातमी आली, की समाजमाध्यमांवर रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा पुतळा फिरू लागतो. सोबत गंभीर पार्श्वसंगीत आणि ‘जे हातात नाही, त्याची चिंता सोडा’ हा सल्ला. हिंजवडीत नोकरी करून गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्याला यातून दिलासा मिळण्यापेक्षा राग येण्याची शक्यता अधिक. तो राग रास्तही आहे. पण दोष तत्त्वज्ञानाचा नाही, त्याच्या रीलचा आहे.

हा विचार आला कुठून?

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास झेनोने अथेन्समध्ये स्टोइक पंथ सुरू केला. हा सुखवस्तूंचा रिकामपणचा उद्योग, असे वाटू शकते. पंथातला सेनेका तर गडगंज होता. मात्र एपिक्टेटस हा त्यांचा मोठा शिक्षक गुलामगिरीत जगलेला होता. पुढे सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकलले, तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली. मार्कस सम्राट असला (इ.स. १६१ ते १८०), तरी त्याच्या काळात साम्राज्यात भीषण साथ पसरली, डॅन्यूबच्या सीमेवर युद्ध पेटले आणि त्याची बहुतेक मुले त्याच्या हयातीतच गेली. ‘मेडिटेशन्स’ या नावाने आज वाचल्या जाणाऱ्या नोंदी त्याने स्वतःसाठी लिहिल्या होत्या. त्यात तो त्याच त्या गोष्टी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो. म्हणजे मनःशांती त्यालाही एकदाच मिळून गेली नव्हती.

‘हातात’ म्हणजे नेमके काय?

एपिक्टेटसची यादी रीलपेक्षा कठोर आहे. आपले मत, इच्छा आणि नावड एवढेच आपले. शरीर, पैसा, पद, नावलौकिक बाहेरचे. म्हणजे अप्रेझलचे रेटिंगही बाहेरचेच. याचा अर्थ प्रयत्न सोडा असा नाही. स्टोइक यासाठी तिरंदाजाचा दाखला देत : नेम नीट धरणे हे त्याचे काम, सुटलेला बाण लागेलच याची हमी नाही. रेझ्युमे नीट करणे, मुलाखतीची तयारी, खर्चाला कात्री हा नेम. कंपनीचा पुढच्या तिमाहीचा निर्णय हा वारा. घटनेपेक्षा घटनेबद्दलचे मत अधिक छळते, हा एपिक्टेटसचा मुद्दा पुढे मानसोपचारातही आला. १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस यांनी त्याचे ऋण मान्य केले होते.

मग गडबड कुठे होते?

हा विचार स्वतःला सांगण्यासाठी आहे. कामावरून काढताना व्यवस्थापनाने तोच कर्मचाऱ्याला ऐकवला, तर त्याला पळवाट म्हणावे लागेल. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याची जबाबदारी या विचाराने वाढते. युद्धासाठी तिजोरीत पैसा नव्हता, तेव्हा प्रजेवर जादा कर न लादता मार्कसने राजवाड्यातील मौल्यवान वस्तूंचा लिलाव केला, असे प्राचीन चरित्रात नोंदले आहे.

मराठी वाचकाला अशा उदाहरणासाठी रोमपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, पत्नी आणि मुलगा गेला. परंपरेनुसार नंतर त्यांनी सावकारीची कर्जखते निम्मी धाकट्या भावाला दिली, कारण त्याचा संसार होता. उरलेली, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत सोडली.