बाटलीतले शैवाल कोणत्या समुद्राचे?

भिलाई-दुर्ग परिसरातील कृषी सेवा केंद्रांत समुद्री शैवालाच्या अर्काची बाटली आता नवलाईची राहिलेली नाही. टोमॅटोवर, वेलवर्गीय भाज्यांवर आणि काही ठिकाणी धानावरही तिची फवारणी होते. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र शासनाने खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश केला आणि या अर्कांना कायद्याची चौकट लाभली. उत्पादनाची परिणामकारकता हा स्वतंत्र विषय आहे. येथे मांडायचा मुद्दा त्याआधीचा आहे: बाटलीतले शैवाल कोणत्या जातीचे आणि कोणत्या समुद्रातले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्यांनी ही चौकशी का करावी, असे कोणी म्हणेल. भिलाईच्या झोतभट्ट्यांना ज्या नंदिनीच्या खाणींतून चुनखडी मिळाली, ती चुनखडी एका प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. छत्तीसगडच्या या खडकांत सूक्ष्म नील-हरित जीवाणूंनी थरावर थर रचून उभारलेल्या रचना आजही दिसतात. तेव्हा समुद्र आपल्याला अगदीच परका नाही. फक्त तो फार पूर्वी निघून गेला.

‘शैवाल’ हा शब्दच मुळात फसवा आहे. बाजारातील अनेक अर्क अ‍ॅस्कोफायलम नोडोसम या उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरील तपकिरी शैवालापासून बनतात. दुसरे अर्क तमिळनाडूच्या उष्ण पाण्यात वाढवलेल्या कॅपाफायकस अल्वारेझी या लाल शैवालापासून. या दोघांचे नाते चुलत भावंडांचेही नाही. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर लाल शैवाल आपल्या धानाला जवळचे आहे आणि तपकिरी शैवाल त्या फांदीवरच नाही. भुईमूग आणि भूछत्र यांचा अर्क एकाच नावाने विकला, तर आपण हरकत घेऊ. येथे मात्र कोणी घेत नाही.

नावाच्या या गोंधळात शास्त्रज्ञही दीर्घकाळ अडकले होते. लोबोफोरा हे पंख्यासारखे पसरणारे तपकिरी शैवाल जगातील बहुतेक उष्ण समुद्रांत आढळते आणि ते सर्वत्र जवळजवळ एकाच जातीचे आहे, असे मानले जाई. डीएनएच्या अभ्यासाने चित्र पालटले. त्या एका नावाखाली शंभराहून अधिक जाती दडलेल्या असाव्यात, असा आजचा अंदाज आहे. या कुळाचा उगम डायनासोरच्या अखेरच्या पर्वाच्या आसपास, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहू लागण्याच्या सुमारास किंवा थोडा आधी झाला असावा. पुढे खंड सरकले, टेथिस समुद्र मिटला, सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर येऊन अटलांटिक आणि पॅसिफिक यांची उष्ण पाण्यातील वाट बंद झाली. प्रत्येक अडथळ्यामागे अलग पडलेल्या समूहांची स्वतंत्र जात होत गेली.

शैवालाच्या बीजाणूंना दूरचा प्रवास मुळातच झेपत नाही. ते थोडा काळ जगतात आणि बहुधा जवळच्याच खडकावर रुजतात. महासागर ओलांडायचा तर तुटलेला तुकडा, तरंगते लाकूड किंवा स्वतःच्या हवेच्या पिशव्या यांचाच आधार. सारगॅसमच्या दोन तरंगत्या जाती तर केवळ तुकडे होऊन वाढतात. 2011 पासून त्यांचा पट्टा उष्ण अटलांटिकमध्ये जवळजवळ दरवर्षी दिसू लागला. जून 2018 मध्ये त्याची लांबी 8,850 किलोमीटर आणि वजन 2 कोटी टनांहून अधिक होते. कारणांविषयी मतभेद आहेत, पण संशयितांच्या यादीत नद्यांतून वाहून येणारी शेतातील खतेही आहेत, हे आपण कृषिक्षेत्रातील लोकांनी ध्यानात ठेवावे.

निसर्गाला ज्या प्रवासासाठी लक्षावधी वर्षे लागली, तो माणसाने काही दशकांत उरकला. कॅपाफायकस मूळचे आग्नेय आशियाचे. हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांच्या पुढाकाराने फिलिपिन्समध्ये त्याची लागवड सुरू झाली आणि तेथून बेणे जगभर गेले. भारतात ते जपानमार्गे 1984 मध्ये गुजरातच्या ओखा किनाऱ्यावर आले. 1995 मध्ये केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मंडपम येथे त्याच्या लागवडीचे प्रयोग हाती घेतले. बांबूचे तराफे, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेले तुकडे आणि साधारण 45 दिवसांत काढणी! रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरील अनेक स्त्रियांच्या हाती या पिकाने प्रथमच स्वतःचा पैसा दिला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु हे सारे पीक बेण्यावर, म्हणजे मूठभर मातृरोपांच्या नकलांवर उभे आहे. उसातील को 0238 या वाणाचे उत्तर प्रदेशात लाल कुजीने काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच समुद्रात घडले. 2013 मध्ये तमिळनाडूत कॅपाफायकसची मोठ्या प्रमाणावर मर झाली आणि उत्पादन कोसळले. दुसरी बाजू प्रवाळांची. हवाईच्या कानेओहे उपसागरात 1970च्या दशकात आणलेल्या याच गटातील शैवालाने प्रवाळ झाकून टाकले. ते काढण्यासाठी पुढे तराफ्यावरील शोषकपंप वापरावे लागले. मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटावर 2008 मध्ये प्रवाळांवर त्याची वाढ नोंदवली गेली. हा फैलाव मर्यादित आहे, असे म्हणणारे जाणकारही आहेत. मला त्यांचा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. पुण्यात 1950च्या दशकात गाजरगवताची नोंद झाली, तेव्हा तेही मर्यादितच होते.

आता वेग वाढणार आहे. 2020 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवालासाठी 640 कोटी रुपये आणि वर्षाला 11.2 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले गेले. 2024 मध्ये जिवंत शैवालाच्या आयातीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. थकलेल्या बेण्याला नवे रक्त हवे, म्हणून आयातीला सरसकट विरोध करणे मला योग्य वाटत नाही. विलगीकरण कडक असावे, प्रत्येक बेण्याची जनुकीय ओळख नोंदलेली असावी आणि प्रवाळांजवळ तराफा लागू नये, एवढा आग्रह मात्र सोडता कामा नये. 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत; कोकणात शैवालशेतीचा उत्साह पोहोचेल, तेव्हा हे नकाशावर आधी पाहावे. आणि ग्रॅसिलारिया एड्युलिस, गेलिडिएला अ‍ॅसेरोसा या आपल्याच किनाऱ्यावरील जाती आहेत. त्यांची वाढ संथ, उतारा कमी, म्हणून त्या मागे पडल्या. परदेशी बेण्यावर होणाऱ्या खर्चाचा थोडा वाटा त्यांच्या निवडीवर झाला पाहिजे.

या साखळीत किनाऱ्यावरच्या स्त्रीइतकाच दुर्गचा टोमॅटो उत्पादकही एक टोक आहे, कारण अर्काची मागणी त्याच्याकडून येते. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत विक्रेत्याला बोलावून दोन गोष्टी विचाराव्यात: जातीचे पूर्ण नाव आणि काढणीचा किनारा. उत्तर मिळाले तर ते गटाच्या नोंदवहीत लिहावे. न मिळाल्यास कंपनीकडे लेखी मागावे आणि ते येईपर्यंत त्या बाटलीची शिफारस करू नये.