स्वसंरक्षणासाठी रायफल घ्यावी काय?



गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. शाळा सुटून आम्ही कुलूप लावीत होतो, तोच रानातल्या वस्तीवरचे एक वयस्क शेतकरी दारात येऊन उभे राहिले. त्यांची वस्ती उसाच्या पट्ट्यात, गावापासून दूर. महिन्यापूर्वी बिबट्याने त्यांची शेळी ओढून नेली, आणि त्यानंतर दोन रात्री कोणा अनोळखी माणसांच्या बॅटऱ्या गोठ्याभोवती फिरल्या. ते म्हणाले, "गुरुजी, रायफलीचा अर्ज लिहून द्या. बागायतदाराच्या पोराकडे आहे, तसलीच पाहिजे."

आम्ही विचारले, "तात्या, तसलीच कशाला?"

"ती लांबवर मारते म्हणे."

अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही तात्यांस जे सांगितले, तेच येथे मांडतो. कारण ही इच्छा आज पुष्कळ घरांत आहे, आणि तिच्यामागची भीती खोटी नाही.

पहिली गोष्ट ही, की लांबवर मारणे हा शिकाऱ्याच्या हत्याराचा गुण असेल, पण वस्तीवर राहणाऱ्या माणसाच्या हत्याराचा तो दोष आहे. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते आणि नेम चुकला तर मैलभर दूरही जीव घेऊ शकते. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी ठळक रायफल म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर व्यासाची. तिची गोळी कुडाच्या वा मातीच्या भिंतीला जुमानीत नाही. अंधारात, घाबरलेल्या हाताने बार उडाला, तर चोर पळून जाईल आणि पलीकडच्या झोपडीत निजलेले ऊसतोडकऱ्याचे पोर मरेल. मग त्या बापाला आपण काय उत्तर देणार?

याउलट छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. १२ बोअर या नावाचा अर्थही आमच्या मुलांना आम्ही गणित म्हणून सांगतो: नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून १२ बोअर. तिचे बारीक छरे थोड्या अंतरावर पसरतात आणि लवकरच त्यांचा जोर ओसरतो. जवळून तीही प्राणघातकच, खेळणे नव्हे. पण वस्तीच्या दाटीत तिचा धोका रायफलीच्या मानाने पुष्कळ कमी.

कायद्याचा कलही इकडेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे १३ वे कलम स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा स्पष्ट उल्लेख करते. ठासणीने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत बंदूकही देता येते. तेव्हा ज्याला हत्याराची खरोखर गरज आहे, त्याने दुनळी बंदूक मागावी. रायफल मागणाऱ्याने आधी स्वतःस विचारावे, की ही गरज आहे की बागायतदाराशी बरोबरी?

आमचे काही मित्र म्हणतील, "मास्तर, गरिबाने बंदूक मागूच नये असे तुमचे मत दिसते." तसे मुळीच नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला, तेव्हा गोऱ्यांना सूट होती आणि रयतेला परवान्याची अट. तो भेद स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यात उरला नाही. इतकेच नव्हे, तर १९५९ च्या कायद्याच्या १४ व्या कलमात असे स्वच्छ लिहिले आहे, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कचेरीत कोणी कारकून धोतराकडे पाहून "तुला कशाला बंदूक?" म्हणाला, तर हे कलम त्यास नम्रपणे पण ठणकावून सांगावे. हक्क माहीत नसणे हीच आपल्या समाजाची जुनी गरिबी आहे.

पण हक्काबरोबर ओझेही येते. वय २१ पुरे पाहिजे. पोलिसांची चौकशी होते. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ५ वर्षे झाली आहे. लग्नात वा मिरवणुकीत निष्काळजीपणे बार उडविणाऱ्यास त्याच दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यास नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून मिळत नाही. गावठी कट्ट्याचे तर नावच काढू नये. तो फुटला तर हात जातो आणि सापडला तर घर तुरुंगाच्या दारात उभे राहते.

बिबट्याविषयी दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचविताना प्रामाणिकपणे मारला तर तो गुन्हा नव्हे. पण शेळी नेली म्हणून माग काढून मारणे हा गुन्हाच. शिवाय बिबट्या सांगून येत नाही. तो वाकून काम करणाऱ्या माणसावर मागून झेप घेतो. जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या ऊसपट्ट्यात ज्या घरांची माणसे गेली, त्यांस हे विचारावे. खांद्यावरची रायफल तेथे काय करणार?

चोराविषयीही तसेच. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात; पण संरक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क देत नाहीत. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणे हे संरक्षण नव्हे.

आता शेवटची आणि सर्वांत जड गोष्ट. बंदूक घरात येते ती चोरासाठी. पण घरात चोर क्वचित येतो आणि राग रोज येतो. बांधाचा तंटा भावाभावांचा असतो. दारू पिणारा घरचाच असतो. भरलेल्या बंदुकीशी खेळणारे पोर आपलेच असते. कर्जाने पिचलेल्या माणसाच्या मनात रात्री काय येते, हे आपल्या गावांना सांगावयास नको. अशा घरात बंदूक नसणे हेच मोठे संरक्षण आहे. ज्याच्या घरी यांपैकी एकही कारण असेल, त्याने परवाना मिळत असला तरी हत्यार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्याने घेतलेच, त्याने बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावी, आणि किल्ली स्वतःजवळ बाळगावी.

मग उपाय कोणता? वस्तीवर दिवा, बंदिस्त गोठा, दारात कुत्रा, ग्रामसुरक्षा दलाची गस्त, आणि हाकेला ओ देणारा शेजारी. यांतले पहिले तीन पैशाने होतात, उरलेले दोन एकीने. सरकारकडे मागायचेच तर जेथे पंपाला अजून रात्रपाळीची वीज मिळते तेथे ती दिवसा मागा. शेतकरी मध्यरात्री उसात पाणी धरावयास जातो म्हणून बिबट्यासमोर सापडतो, हे सांगावयास पंडित नको.

तात्यांनी हे सारे ऐकून घेतले. घरी धाकटा मुलगा पितो, हे त्यांनी स्वतःच हळू आवाजात सांगितले. मग त्यांनी आमच्याकडून अर्ज लिहून घेतला तो रायफलीचा नव्हे. वस्तीवरच्या दिव्याचा आणि दिवसाच्या विजेचा. त्यावर वस्तीतल्या अकरा घरांच्या सह्या व अंगठे आहेत. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत अकरा घरांतली माणसे पाळीपाळीने जागतात.

— एक खेड्यातील शाळामास्तर