उत्सर्पिणी म्हणजे फुगणं नव्हे

दशलक्षण पर्वात, तेही नेमकं उत्तम सत्याच्या दिवशी, आमच्याकडं एका विद्वानांचं व्याख्यान झालं. विश्व प्रसरण पावतंय हे शास्त्रज्ञांना आत्ता शंभर वर्षांत कळलं, आपल्या आचार्यांनी त्यालाच उत्सर्पिणी म्हटलं होतं, म्हणे. पुढं गणित केलं : विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं, म्हणून पसारा 1380 कोटी प्रकाशवर्षं, आणि हाच आपला राजू! टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही म्हणून शेजारच्या काकूंनी वळून बघितलं.

आधी घरचं बघू. उत्सर्पिणीत वाढतं काय? आयुष्य, बळ, देहाची उंची. अवसर्पिणीत तेच घटतं. ऋषभदेवांची उंची 500 धनुष्य, महावीरांची सात हात. तीही भरत-ऐरावत क्षेत्रांतली गोष्ट. लोक आहे तेवढाच राहतो, चौदा राजू उंच, 343 घनराजू. शिवाय आत्ता चालू आहे अवसर्पिणी! या हिशेबानं विश्व आकसायला पाहिजे की हो. पाठशाळेतली पोरसुद्धा ही चूक करणार नाही.

आता बाहेरचं. वयाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की विश्वाचं माप निघतं, हेही खोटं. प्रकाश वाटेत असताना वाटच ताणली जाते. ज्या ठिकाणाहून सर्वांत जुना प्रकाश आपल्याकडं निघाला, ते ठिकाण आज साडेचार हजार कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडं गेलंय. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं 3.8 लाख वर्षं, आणि सगळी अंतरं आजच्या सुमारे अकराशेवा हिस्सा. म्हणजे तेच ठिकाण त्या वेळी चार कोटी प्रकाशवर्षांवर होतं. वय पावणेचार लाख, अंतर चार कोटी. लावा आता तुमचा गुणाकार!

आणि वाढ वयाच्या प्रमाणातही नाही. पहिली पन्नासेक हजार वर्षं प्रारणाचं राज्य होतं, तेव्हा वय चौपट झालं की अंतरं दुप्पट. मग पदार्थ वरचढ झाला. वय आठपट, तर अंतरं चौपट. गुरुत्वाकर्षण लगाम खेचत होतं. विश्व आजच्या दहाव्या हिश्शाएवढं होतं तेव्हा त्याचं वय साधारण 55 कोटी वर्षं, अर्ध्याएवढं झालं तेव्हा 590 कोटींच्या आसपास. वाढ मंदावत चालली होती, पण पाच-सहाशे कोटी वर्षांपूर्वी ती पुन्हा वेग घेऊ लागली. दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून हे 1998 साली कळलं, 2011 साली त्याला नोबेल मिळालं. कारणाला नाव आहे कृष्ण ऊर्जा. ती नेमकी काय, हे अजून कुणालाच माहीत नाही. सगळं विश्व केवढं, हेही कुणी मोजलेलं नाही. अनंत असेल तर आधीही अनंतच होतं. मोजतो ती अंतरांची वाढ. एवढं सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

व्याख्यानानंतर एक गृहस्थ म्हणाले, ‘ताई, आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर कुठं बिग बँग मानत होते?’ नव्हते मानत. पण हॉएल-नारळीकरांचं विश्व अनादि असलं तरी प्रसरण पावतंच, आणि त्यात नवं द्रव्य निर्माण होत राहतं. आपल्याकडं एक परमाणूही नवा जन्मत नाही. मग ते आपल्या बाजूचे कसे?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अनेकांत. सगळंच एका अपेक्षेनं खरं! अहो, ‘स्यात्’ म्हणायचं तर कुठल्या अपेक्षेनं ते सांगावं लागतं. न सांगता म्हटलं की तो स्याद्वाद नाही, ती पळवाट.

दहावीतल्या एका मुलीनं तिथंच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला आणि मला विचारलं, ‘मावशी, यातलं खरं कुठलं?’ मी म्हटलं, एक दुर्बिणीनं मोजलेलं आहे, एक परंपरेनं ऐकलेलं आहे, आणि आज सांगितलं ते दोन्हीत नाही.

पुढच्या पर्वात सभामंडपात फळा ठेवा. खडू मी आणते.