तिजोरीची चावी बंगळुरात, कराची पावती तुमच्या दारात!

वाचकहो, घरपट्टीची पावती एकदा हातात घेऊन बघा. पैसा तुमचा, तुंबलेले गटारही तुमचेच आणि गल्लीतला विझलेला दिवाही तुमचाच! नगरसेवकाला विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "अनुदान आले नाही." हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे आज ऐका.

एके काळी पालिकांच्या हाती जकातीची रोकड होती. नाक्यावर गाडी थांबली की पैसा गावच्या पेटीत पडे. 1979 साली कर्नाटक सरकारने जकात रद्द केली आणि बदल्यात अनुदान देऊ केले. व्यापाऱ्यांची नाक्यावरची कटकट गेली, हे मान्य. पण गावची कमाई गेली आणि दान आले! महाराष्ट्रातल्या महापालिकांकडे जकात त्यानंतरही तीन दशके राहिली. अखेरची 2017 साली जीएसटीने गेली. इकडे मात्र पालिकेला कधीचेच हात पसरायला शिकवले गेले.

आणि हात पसरणाऱ्याने तोंड उघडले तर? 2005 साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि काळे फासलेल्यांचीच महापालिका बरखास्त झाली! 2011 साली महापौर काळ्या दिनाच्या फेरीत चालल्या. डिसेंबरात पुन्हा बरखास्ती. बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक घ्या, असे घटना सांगते. निवडणूक झाली मार्च 2013 मध्ये. पुढच्या सभागृहाची मुदत मार्च 2019 मध्ये संपली, मतदान सप्टेंबर 2021 मध्ये झाले आणि महापौर खुर्चीत बसल्या फेब्रुवारी 2023 मध्ये. चार वर्षे तुमचा पैसा कोणी खर्चला? ज्यांना तुम्ही निवडले नाही, त्यांनी!

कोणी म्हणेल, हा खोळंबा सीमाभागापुरता नाही. खरे आहे. कर्नाटकातल्या जिल्हा पंचायतींची निवडणूक 2016 साली झाली, 2021 साली मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे अधिकाऱ्यांचेच राज्य चालले. पण 15व्या वित्त आयोगाचा दंडक काय होता? अनुदान रीतसर निवडलेल्या संस्थांनाच! म्हणजे निवडणूक लांबवणे हीसुद्धा कपातच. कानडी खेड्यालाही ती बसते. तिथला शेतकरी आमचा वैरी नव्हे. तोही याच उंबरठ्यावर ताटकळतो आहे. फरक इतकाच, की आमच्या पाठीवर भाषेचा आसूड वेगळा.

पैसा नाही, असे मात्र सांगू नका. 2012 साली बेळगावच्या उशाला सुवर्णसौध उभे राहिले, सुमारे 400 कोटींचे! तिथे विधिमंडळाचे अधिवेशन भरते ते वर्षातून मोजके दिवस. 2016 साली बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आले. पण तो पैसा सभागृहाकडे आला नाही, त्यासाठी निराळी कंपनी निघाली. तिजोरी रिकामी नाही. तिचे दार तुमच्याकडे उघडत नाही.

आता एक कडू घोट आपणही घेऊ. 2021 साली 58 जागांपैकी आपल्या पदरात बोटांवर मोजण्याइतक्या पडल्या. हे कोणी केले? बंगळुराने? दावा लढवण्याआधी आपणच वॉर्डावॉर्डांत एकमेकांविरुद्ध लढलो. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत गटार तुंबलेलेच ठेवायचे काय? दिल्लीच्या निकालाची वाट पाहणे वेगळे आणि दारातला हिशेब सोडून देणे वेगळे.

म्हणून, वाचकहो, तीन लाखांवर वस्तीच्या शहराला घटनेने वॉर्ड समित्या दिल्या आहेत, त्यांत जाऊन बसा. अंदाजपत्रक मागा, मराठीत मागा. आलेले किती, अडवलेले किती, खर्चलेले किती, हे तीन आकडे मिळाल्याशिवाय उठू नका. आपल्या पैचा हिशेब मागण्याची धमक ज्याच्यात नाही, तो आपले राज्य कोणत्या तोंडाने मागणार?

हिशेब मिळालाच पाहिजे! आणि सीमाभागासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!