खुराडं परसात, नियम कुणाच्या खिशात?

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी परसात खुराडं बांधलं. चार गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. पोरांना घरची अंडी मिळू लागली. उरलेली विकून वहिनींच्या हातात त्यांचे स्वतःचे म्हणावेत असे चार पैसेही यायला लागले. दोनच महिन्यांत नगरपरिषदेचा माणूस दारात! ‘‘तक्रार आलीय, खुराडं काढा.’’ कुठल्या नियमाखाली, ते त्यानं सांगितलं नाही. वहिनींनीही घाबरून विचारलं नाही. कोंबड्या माहेरी गेल्या.

मला राग आला तो नियमाचा नाही, तो न दाखवण्याचा.

नियम हवेतच. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावावरही तीच वेळ आली. शिवाय दाट वस्तीत वास, माश्या, उंदीर शेजाऱ्यांनी का सोसावेत? पण हजार पक्ष्यांची पोल्ट्री आणि परसातल्या चार कोंबड्या एकाच तराजूत कशा तोलायच्या? एकीकडे बचत गटातल्या बायकांना परसातल्या कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण द्यायचं आणि दुसरीकडे खुराडं काढायला लावायचं, हा कुठला न्याय? घरापुरते किती पक्षी चालतील, शेजारच्या भिंतीपासून किती अंतर हवं, सफाई कशी ठेवायची, हे नगरपरिषदेनं साध्या मराठीत लिहून फलकावर लावावं. मग तक्रार करणाऱ्यालाही कळेल आणि कोंबड्या पाळणारीलाही.

तोवर मैत्रिणींनो, पहिला खिळा ठोकण्याआधी थोडी चौकशी करा. गावाच्या विकास आराखड्यात आपलं घर कुठल्या विभागात येतं, ते नगररचना विभागात विचारा. परवानगी लागते का, हे लेखी अर्जानं विचारा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलंच नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला विचारा.

आणि हो, शेजारणीशीही बोला. बहुतेक तक्रारी पहाटेच्या आरवण्यावरून होतात. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, तो लागतो फक्त पिल्लांसाठी! खाली लाकडाचा भुसा पसरा, ओला झाला की बदला. शेजारी अधूनमधून दोन अंडी पाठवा. शेजारधर्मानं जे सुटतं, ते कागदावर जातच नाही.

वहिनींनी परवाच अर्ज दिलाय. पोच घेतलेली प्रत त्यांनी देवघरात जपून ठेवलीय. उत्तर हो येवो की नाही, यावेळी ते लेखी असेल. आणि ‘कुठल्या नियमाखाली?’ हे विचारायला त्या आता घाबरणार नाहीत.