रक्तदाब मोजल्याशिवाय गोळी सुरू करू नका! सोलापूर जिल्ह्यातील आयाबहिणींना कळकळीचे आवाहन

बहिणींनो, आषाढी जवळ आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नेल्या जातात. नवरात्रात आणि गड्ड्याच्या यात्रेतही तेच. ही गोळी बहुतेक वेळा नॉरेथिस्टेरॉनची असते. अशी चार दिवस घेतली म्हणून गर्भ राहत नाही, असे समजू नका. शिवाय तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. जिच्या पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, तिच्या जिवावर ते बेतू शकते. विटाळाच्या कल्पनेला संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच अभंगांतून जाब विचारला होता. पाळी आली म्हणून वारी चुकत नाही. तरीही गोळी हवीच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

माला-एनची गोष्ट वेगळी. ती गर्भनिरोधक आहे, आशाताईंकडे मिळते आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पाकिटातल्या अठ्ठावीस गोळ्यांपैकी एकवीस हार्मोनच्या, सात लोहाच्या. रोज ठरल्या वेळी घेतली तर ती अतिशय भरवशाची आहे. अंगावरून कमी जाते, अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ, डोकेदुखी, मध्येच डाग दिसणे असा त्रास होतो, तो बहुधा आपोआप थांबतो. गुठळीची भीती खरी आहे, पण तिचे मोजमापही कळायला हवे: गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना गुठळी होते, अशी गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. निरोगी तरुणीने यासाठी घाबरून गोळी सोडू नये.

पण काहींनी ती घेऊच नये. रक्तदाब वाढलेला असेल, वय पस्तिशीपुढे असून विडी-सिगारेट ओढत असाल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे झगमगाट होत असेल, पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर दुसरा मार्ग निवडा. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिने थांबा. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधे चालू असताना या गोळीचा असर कमी होतो, तेव्हा चालू असलेले प्रत्येक औषध सांगा. मिश्री लावत असाल तर तेही लपवू नका.

विडी घरकुलात, चाळीत, शेजारणीचे उरलेले पाकीट घेऊन सुरुवात करणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. तिला सोसले ते तुम्हाला सोसेलच असे नाही. रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात, नागरी आरोग्य केंद्रात पैसे पडत नाहीत. हार्मोन चालत नसतील तर लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली 'छाया' गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. तांबी आहे, निरोध आहे. नवऱ्यांनो, निरोध वापरणे आणि बिनटाक्याची नसबंदी करून घेणे तुमच्या हातात आहे. सगळा भार बायकोच्या शरीरावर का?

मेडिकलवाल्या बंधूंनो, चिठ्ठी पाहिल्याशिवाय हार्मोनची गोळी देऊ नका.

आणि गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, धाप लागली, डोके असह्य दुखले, बोलणे अडखळले किंवा एकाएकी दिसेनासे झाले, तर गोळी तिथेच थांबवा. सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा, आणि कोणती गोळी घेत होता ते पाकीट सोबत न्या.